बूस्टरच्या दिवशी विचारायचे वीस प्रश्न : स्वमग्नता लवकर ओळखण्यासाठी डॉक्टर, आशाताई आणि घरच्यांनी काय शिकायचं?

मेहरूण (जळगाव) : बाळ दीड वर्षाचं झालं की बूस्टरसाठी दवाखान्यात न्यायचं, हे आता मेहरूणच्या गल्लीपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. वजन होतं, सुई टोचली जाते, तापाचं औषध मिळतं आणि आई घरी निघते. निघता निघता एखादी आई विचारते, "डॉक्टर, हा हाक मारली तरी बघत नाही. नुसता गाडीचं चाक फिरवत बसतो." त्यावर बऱ्याचदा ठरलेलं उत्तर मिळतं : "बोलेल हळूहळू. मुलगे उशिराच बोलतात."

काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि पुढे ठीक असतात. पण काहींच्या बाबतीत ही स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, पहिली खूण असते. 'हळूहळू'च्या भरवशावर अंगणवाडी संपते, पहिलीचा प्रवेश येतो, मूल वर्गात बसत नाही असं शाळेतून कळतं आणि मग मोठ्या दवाखान्याची वाट धरली जाते. तोवर दोन-तीन वर्षं हातची गेलेली असतात. शिकवलेलं लवकर उचलायची वर्षं नेमकी तीच असतात.

ही वर्षं वाचवायला मुंबई-पुण्याचा तज्ज्ञ गावात येऊन बसायची गरज नाही. बाळाला आधी बघणारी माणसं वेगळीच असतात : आशाताई, अंगणवाडीताई, लस टोचणाऱ्या सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, तालुक्याचे बालरोगतज्ज्ञ. काय बघायचं आणि काय विचारायचं हे यांना माहीत असलं तर निम्मं काम होतं. त्यासाठी डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणात काय असतं, सरकारी सोय कोणती आहे आणि आईबापांनी काय मागायचं, याची ही एकत्र माहिती.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. तो जन्मापासूनचा असतो, पण दिसायला लागतो साधारण दुसऱ्या वर्षात. डॉक्टर दोन गोष्टी बघतात. पहिली, दुसऱ्या माणसाशी देवाणघेवाण : नजर देणं, हावभाव, बोलणं, सोबत खेळणं. दुसरी, ठराविक गोष्टींत अडकणं : तेच तेच करणं, हात फडफडवणं, वस्तू रांगेत लावणं, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की आकांत करणं, आवाज, उजेड किंवा कपड्याच्या स्पर्शाचा फार त्रास होणं. दोन्ही गोष्टी असतील तरच स्वमग्नता म्हणतात. नुसतं बोलणं उशिरा म्हणजे स्वमग्नता नव्हे.

प्रत्येक मूल वेगळं असतं. एखादं अजिबात बोलत नाही, एखादं भरपूर बोलतं पण स्वतःच्याच विषयावर. काहींना बौद्धिक अडचणही असते, काहींची बुद्धी चांगली असते. मुलींपेक्षा मुलग्यांत निदान तीन-चार पटीने जास्त होतं. मुलींच्या खुणा सौम्य दिसतात आणि 'लाजाळू आहे' म्हणून सोडून दिल्या जातात, हेही त्याचं एक कारण आहे.

किती मुलांना असते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात १२७ पैकी एका माणसाला स्वमग्नता होती. भारतात इन्क्लेन संस्थेने पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी केली, ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. तिथेही प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं. म्हणजे तीनशे मुलांच्या गावात अशी दोन-तीन मुलं असू शकतात. गावात एकही नाही असं वाटत असेल, तर ती ओळखलीच गेली नसण्याची शक्यता जास्त.

कोणत्या वयात काय बघायचं?

खालचं काही दिसलं तर थांबू नका, दाखवून घ्या.

• १२ महिने : नावाने हाक मारल्यावर वळत नाही. 'बाबा, दादा' असे आवाज काढत नाही. टाटा करत नाही.
• १६ महिने : एकही अर्थपूर्ण शब्द नाही.
• १८ महिने : हवं ते बोटाने दाखवत नाही. आकाशात विमान दिसलं तर आईला दाखवून तिच्याकडे बघत नाही. खोटं खोटं जेवण भरवणं, फोनवर बोलणं असे खेळ खेळत नाही.
• २४ महिने : दोन शब्द जोडून स्वतःहून बोलत नाही. ऐकलेलंच पुन्हा पुन्हा म्हणणं यात धरायचं नाही.
• कोणतंही वय : येत असलेले शब्द किंवा हसणं-खेळणं बंद झालं.

शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. बोलणारं मूल बोलायचं थांबलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

एक चूक खूप घरांत होते. मूल आईचा हात धरून डब्यापर्यंत नेतं आणि तिच्या हातानेच झाकण उघडायला लावतं. घरचे म्हणतात, "बघा, त्याला सगळं कळतं." कळतं हे खरंच आहे. पण बोट न दाखवता, चेहऱ्याकडे न बघता दुसऱ्याचा हात अवजारासारखा वापरणं ही डॉक्टरला सांगण्याजोगी खूण आहे.

डॉक्टरांना पुन्हा का शिकावं लागतं?

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मुलांच्या विकासाला मिळणारा वेळ थोडा. त्यात हा विषय झपाट्याने बदलला. १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिला जागा दिली. निदानाचे जगभर वापरले जाणारे निकष २०१३ मध्ये बदलले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या डॉक्टरने हे कॉलेजात वाचलेलं असणं शक्यच नाही.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी त्या काळात ३० क्रेडिट तास जमवावे लागतात. मान्यता असलेली व्याख्यानं, कार्यशाळा, परिषदा यांतून ते मिळतात. कोणत्या विषयावर शिकायचं ते डॉक्टर स्वतः निवडतात. मधुमेह, हृदयविकार, नवी प्रतिजैविकं यांच्या कार्यक्रमांना गर्दी होते. मुलाच्या विकासाचा विषय मागे पडतो, कारण त्यात औषध थोडं आणि वेळ फार.

बालरोगतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०१७ मध्ये स्वमग्नतेची तपासणी आणि उपचार यांवर एकमताची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पुढे विकासाच्या चाचणीचे टप्पेही ठरवून दिले : ९ ते १२ महिने, १८ ते २४ महिने आणि शाळेत जायच्या वेळी. मधल्या टप्प्यावर स्वमग्नतेची वेगळी चाचणी करायची. म्हणजे नियम आहेत. ते ओपीडीच्या टेबलापर्यंत पोहोचवणं बाकी आहे.

प्रशिक्षणात नेमकं काय शिकायचं असतं?

१. वीस प्रश्न विचारणं. 'एम-चॅट' नावाची प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी आहे. आईने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. गुण ० ते २ आले तर धोका कमी, ३ ते ७ मध्यम, ८ किंवा जास्त म्हणजे मोठा. मध्यम आल्यावर तेच प्रश्न उदाहरणं देऊन पुन्हा विचारतात. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो. म्हणजे आई बाळाला घेऊन दवाखान्यात येते त्याच दिवशी, वेगळी फेरी न मारता, हे काम होऊ शकतं. ही चाचणी निदान नसते. पुढे पाठवायचं की नाही, एवढंच तिने ठरतं.

२. आईच्या भाषेत विचारणं. खान्देशात घरात अहिराणी, लेवा बोली, तडवी, पावरी अशा बोली चालतात. पुस्तकी मराठीत प्रश्न टाकला तर आई मान डोलावते आणि उत्तर चुकतं. "बाळ संयुक्त लक्ष देतं का?" असं कुणी विचारत नाही. "रस्त्यानं बैल गेला तर तुम्हाला दाखवतं का?" असं विचारलं की लगेच उत्तर येतं. आणि घरात दोन-तीन भाषा बोलल्याने स्वमग्नता होत नाही. घरची बोली बंद करायला सांगणं ही डॉक्टरची चूक ठरते.

३. कान आधी तपासणं. हाक मारल्यावर न वळणाऱ्या प्रत्येक मुलाची ऐकण्याची यंत्रावरची तपासणी हवी. मोबाईलचं गाणं ऐकून धावत येतं म्हणजे कान चांगले, असं नक्की म्हणता येत नाही. उलट, जिभेखालचा पडदा कापला की मूल बोलेल, ही समजूत चुकीची आहे.

४. नको त्या तपासण्या टाळणं. स्वमग्नता रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. फिट येत असेल, डोक्याचा घेर वेगळा असेल किंवा तपासताना दुसरं काही आढळलं, तरच ईईजी, स्कॅन, जनुकीय तपासणी लागते.

५. सोबतचे आजार शोधणं. या मुलांत फिट, झोप न लागणं, बद्धकोष्ठता, दोन-तीनच पदार्थ खाण्याचा हट्ट, अतिचंचलपणा हे जास्त दिसतं. न बोलणारं मूल अचानक डोकं आपटू लागलं तर 'स्वमग्नच आहे' म्हणून सोडायचं नाही. दात, कान किंवा पोट दुखत असेल, ते आधी बघायचं.

६. असं मूल तपासायचं कसं. गर्दीत दोन तास बसवलं तर ते बिथरतं. पहिला नंबर द्यायचा, खोलीतला आवाज कमी करायचा, स्टेथोस्कोप आधी त्याच्या हातात द्यायचा, पुढे काय होणार ते दाखवून मग करायचं. साधी गोष्ट आहे, पण ती न जमल्यामुळे अशी मुलं तापातही दवाखान्यात आणली जात नाहीत.

७. सांगायचं कसं. "तुमचं मूल मंद आहे" हे वाक्य आईच्या डोक्यात आयुष्यभर राहतं. आईबाप दोघांना बसवून, मुलाला काय येतं ते आधी सांगून, मग अडचण आणि पुढची पायरी सांगायची, असं शिकवलं जातं.

गावात बसून शिकता येतं

जळगाव ते मुंबई रेल्वेने चारशे किलोमीटरच्या वर. दवाखाना बंद ठेवून तिकडे शिकायला जाणं तालुक्याच्या डॉक्टरला परवडत नाही. यावर एक तोड भारतीय वंशाचे डॉ. संजीव अरोरा यांनी अमेरिकेत काढली. न्यू मेक्सिको राज्यात यकृताच्या हिपॅटायटिस-सी आजाराचे रुग्ण दूरदूरच्या गावांत आणि तज्ज्ञ शहरात, अशी गत होती. २००३ मध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट ईको' सुरू केला. गावातले डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर जमतात, एक जण आपला रुग्ण नाव न सांगता मांडतो, तज्ज्ञ आणि बाकीचे मिळून काय करायचं ते ठरवतात. रुग्ण गावातच राहतो, ज्ञान गावात येतं. २०१५ मध्ये मिसुरी विद्यापीठात याच पद्धतीने 'ईको ऑटिझम' सुरू झालं. ईकोचं काम भारतातही चालतं.

पण नुसत्या प्रशिक्षणाने सगळं होतं असं नाही. ईको ऑटिझमची दहा केंद्रांवर १४८ डॉक्टर व आरोग्यसेवकांत चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला. शिकणाऱ्यांचं ज्ञान वाढलं, आत्मविश्वास वाढला. मात्र त्यांच्या दवाखान्यात मुलांची चाचणी करण्याचं प्रमाण म्हणावं तसं वाढलं नाही. धडा सरळ आहे. शिकल्यानंतर प्रश्नावलीचा कागद लसीकरणाच्या टेबलावर हवा, तो भरायला एक माणूस नेमलेला हवा आणि पुढे कुठे पाठवायचं तो पत्ता लिहिलेला हवा.

महाराष्ट्रात मुंबईच्या 'उम्मीद' बालविकास केंद्राचं काम यात मोठं आहे. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ते २००१ मध्ये सुरू केलं. तिथे मुलांवर उपचार होतात आणि डॉक्टर, थेरपिस्ट, वस्तीपातळीवरचे कार्यकर्ते यांना शिकवलंही जातं.

शेजारच्या गोव्यातलं उदाहरण तर गावांसाठी फार कामाचं आहे. तिथली 'संगाथ' संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचा एक गट यांनी मिळून ६५ मुलांवर अभ्यास केला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना सहा महिन्यांत बारा वेळा शिकवलं. आई मुलाशी खेळते त्याचा व्हिडिओ काढायचा आणि तोच तिला दाखवायचा : इथे त्याने बघितलं, इथे तुम्ही थांबलात, म्हणून तो पुढे आला. २०१६ मध्ये निकाल आला. आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. थेरपिस्ट नाही म्हणून हात बांधून बसायचं कारण नाही, हे त्यातून दिसलं.

गावपातळीवर काय सोय आहे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम : फेब्रुवारी २०१३ मध्ये या योजनेची देशातली सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी यात होते. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर अशा चारही गोष्टी ते बघतात. स्वमग्नताही त्यांच्या यादीत आहे. मूल त्या दिवशी घरी असेल तर पथकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तारीख अंगणवाडीताईंकडून आधीच विचारून ठेवा.

जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र : पथकाला शंका आली तर मुलाला जिल्हा पातळीवरच्या या केंद्राकडे पाठवायचं असतं. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवण तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, विशेष शिक्षक अशी माणसं एका छताखाली असावीत, ही त्यामागची कल्पना. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग असतात. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही त्यासाठी जवळची ठिकाणं.

आशाताईंच्या घरभेटी : बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं असताना आशाताईने घरी येऊन बघायचं असतं. माता-बाल संरक्षण कार्डात कोणत्या वयात बाळाने काय करायला हवं ते चित्रांसह दिलेलं आहे. लसीच्या पानाशिवाय बाकीची पानं फार घरांत उघडलीच जात नाहीत.

अंगणवाडी : २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला. खुणा लवकर ओळखणं, मुलाला सगळ्यांसोबत सामावून घेणं आणि आशा, एएनएम व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणं असे त्याचे टप्पे आहेत. "तुमचं मूल सांभाळणं जमत नाही, घरी ठेवा" असं अंगणवाडीने सांगणं यात बसत नाही.

मेहरूणच्या घरातून मोठा दवाखाना रिक्षाच्या अंतरावर आहे. चोपडा, यावल, रावेरच्या पाड्यांवरून किंवा साक्री-शिरपूरच्या टोकावरून निघालं तर एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते. कागद अपुरे म्हणून परत पाठवलं तर दुसरी मजुरीही जाते. म्हणून पुढे पाठवणाऱ्या डॉक्टरने कुठल्या विभागात, कुठल्या वारी, कोणते कागद घेऊन जायचं हे चिठ्ठीवर लिहून देणं, हाही उपचाराचाच भाग समजायला हवा.

निदान आणि प्रमाणपत्र

आपल्या देशात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही मोजपट्टी वापरतात. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ती भारतीय मुलांसाठी तयार केली. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० च्या खाली असेल तर स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावर तीव्र. ७० गुणांना ४० टक्के दिव्यांगत्व धरतात आणि बहुतेक सवलती तिथून सुरू होतात. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळात मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन असतात. अर्ज स्वावलंबन कार्डाच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा, त्यातूनच यूडीआयडी कार्ड मिळतं.

प्रमाणपत्राचा उपयोग काय? ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक, एसटीच्या तिकिटात सवलत, आयकरात सूट. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. मूल १८ चं झाल्यावर त्याच्या वतीने निर्णय घेण्यासाठी कायदेशीर पालकत्व लागलं, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते देते.

एक लक्षात ठेवा : थेरपी सुरू करायला प्रमाणपत्राची वाट बघायची नसते. शंका आली त्या दिवसापासून घरी काम सुरू करता येतं.

उपचार कोणते खरे, कोणते फसवे?

स्वमग्नता पूर्ण बरी करणारं औषध नाही. बोलणं, वागणं, स्वतःची कामं शिकवणं हाच उपचार. वाचा उपचार, व्यवसायोपचार, वर्तनावर आधारित शिकवणं, विशेष शिक्षण आणि आईबापांचं प्रशिक्षण यांचा उपयोग होतो. फार चिडचिड, स्वतःला इजा करणं, फिट किंवा झोपेचा त्रास असेल तर त्या त्रासापुरती औषधं तज्ज्ञ देतात. ती स्वतःहून सुरू किंवा बंद करू नयेत.

स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलं आहे की स्वमग्नतेवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही. शरीरातले धातू काढणारी औषधं, ऑक्सिजनच्या पेटीत बसवणं यांनीही फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, धोका मात्र आहे. शेत विकून असलं काही करू नका. 'शंभर टक्के बरं करतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा, मग तो कुठल्याही पॅथीचा असो.

लसीमुळे स्वमग्नता होते का? नाही. १९९८ मध्ये इंग्लंडमधून आलेल्या एका लेखाने ही भीती पसरवली. तो लेख चुकीचा ठरवून २०१० मध्ये मागे घेण्यात आला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यातही गोवराच्या लसीचा संबंध आढळला नाही. खुणा दिसायचं वय आणि बूस्टरचं वय एकच पडतं, म्हणून तसा भास होतो.

मोबाईलमुळे? मोबाईलने स्वमग्नता होते असं सिद्ध झालेलं नाही. पण पडद्यापुढे बसलेल्या मुलाशी कुणी बोलत नाही, त्याने नुकसान होतं. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असा : दोन वर्षांच्या आत पडदा अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत. मोबाईल बंद करून बघा, पण 'मोबाईल बंद केला की येईल बोलायला' म्हणून तपासणी लांबवू नका. आणि यात आईचा दोष नसतो. आईच्या थंडपणामुळे असं होतं ही जुनी समजूत विज्ञानाने केव्हाच खोडून काढली आहे.

घरी आजपासून काय करता येईल?

• मुलाच्या समोर, त्याच्या उंचीवर बसा. ते ज्याच्याशी खेळतंय त्यातच सामील व्हा.
• लहान वाक्यं बोला : "पाणी हवं?" मग पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. मागायची संधी द्या.
• भाकरी थापताना, गुरांना चारा घालताना, आंघोळीच्या वेळी तेच ते शब्द रोज वापरा. थेरपी खोलीतच होते असं नाही.
• दिवसाचा क्रम सारखा ठेवा. लग्नाला, बाजाराला जायचं असेल तर आधी फोटो दाखवून सांगा.
• मारू नका, बांधून ठेवू नका. मूल ओरडतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं.
• पाण्यापासून सांभाळा. यातली बरीच मुलं न सांगता घराबाहेर निघून जातात आणि काहींना पाण्याची ओढ असते. मेहरूणचा तलाव असो, कालवा असो की कठडा नसलेली शेतातली विहीर, धोका खरा आहे. दाराला वरून कडी, गळ्यात किंवा हातात फोन नंबर आणि शेजाऱ्यांना कल्पना, एवढं तरी कराच.

डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं, काय विचारायचं?

मूल दवाखान्यात घाबरतं, तिथे खरं वागणं दिसत नाही. म्हणून घरीच मोबाईलवर एक-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ काढा : नावाने हाक मारताना, खेळताना, जेवताना. ते डॉक्टरलाच दाखवा, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा. मग सरळ विचारा :

१. याची एम-चॅट किंवा विकासाची चाचणी कराल का?
२. ऐकण्याची तपासणी कुठे होईल?
३. 'थांबा' म्हणत असाल तर किती दिवस, आणि त्या दिवशी काय बघणार?
४. पुढे कुणाकडे पाठवता ते चिठ्ठीवर लिहून द्याल का?
५. तोवर घरी काय करू?

तिसरा प्रश्न विसरू नका. तारीख असलेलं थांबणं म्हणजे लक्ष ठेवणं. तारीख नसलेल्या थांबण्यात वर्षं जातात. आईबापांना ताण आला, रात्री झोप लागत नसेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आपल्या आरोग्य केंद्रात बूस्टरच्या टेबलावर वीस प्रश्नांचा कागद आहे का, हे ग्रामपंचायतीच्या आरोग्य समितीलाही विचारता येतं. औषधाच्या तुटवड्याबद्दल विचारतो तसंच. कागदाला खर्च काही नाही. भरायला पाच-दहा मिनिटं लागतात. आणि तो ज्या मुलासाठी भरला जातो, त्याची दोन-तीन वर्षं वाचू शकतात.